आपल्या तळ्याची वही

गालीलचा समुद्र खारा की गोडा, हे शब्बाथशाळेत एकदा विचारून पाहा. बहुतेक मुले 'खारा' म्हणतील, आणि मागच्या बाकांवर बसलेली मोठी माणसेही फारसे वेगळे सांगणार नाहीत. आपण रत्नागिरीची माणसे. समुद्र म्हटला की मांडवीची जेटी आणि मिऱ्याच्या लाटा डोळ्यांपुढे येतात. पण गालीलचा समुद्र हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. लांबी सुमारे २१ किलोमीटर, सर्वांत खोल जागी ४३ मीटरच्या आसपास पाणी, आणि पृष्ठभाग समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटरहून अधिक खाली. पेत्र आणि त्याचे सोबती ज्या पाण्यात जाळी टाकत, तेच पाणी ओंजळीने पीतही असतील.

या सरोवराविषयीची दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. ते जगातील सर्वांत बारकाईने मोजल्या जाणाऱ्या सरोवरांपैकी एक आहे. १९६४ पासून त्याचे पाणी मोठ्या नळांतून इस्राएलच्या कोरड्या दक्षिणेकडे नेले जाऊ लागले. पाणी उपसायचे तर किती उपसायचे? त्यासाठी पातळीवर 'लाल रेषा' ठरवली गेली, तिच्या खाली गेले की धोका. तळाशी खाऱ्या पाण्याचे झरे आहेत. गोडे पाणी फार कमी झाले तर खारटपणा वाढतो, म्हणून काठावरच्या काही खाऱ्या झऱ्यांचे पाणी वेगळ्या कालव्याने बाजूला वळवले आहे. पातळीचा आकडा तिथे वर्तमानपत्रात येतो आणि लोक तो आपल्याकडे पावसाचा आकडा वाचावा तसा वाचतात.

हे इतक्या लांबून सांगायला सुरुवात केली, कारण या अंकात आपल्या जवळच्या तळ्यांविषयी लिहायचे आहे, आणि आपल्या तळ्यांचा आकडा कोणाकडेच नसतो.

यरुशलेमात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. तरीही मे महिन्यात टँकरची वाट कोण पाहते, तर आपल्याच वाड्या. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूणकडच्या कातकरी वाड्यांवर ज्यांनी काम केले आहे त्यांना हे नव्याने सांगायला नको. वाडी बहुधा गावाच्या कडेला, पुष्कळदा दुसऱ्याच्या जागेत. विहीर गावात, आणि तीही आटत आली की पाण्याची पाळी सर्वांत शेवटी वाडीची.

इतक्या पावसाचे पाणी जाते कुठे? सह्याद्रीच्या कड्यापासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, मध्ये तीव्र उतार, नद्या आखूड. जूनमध्ये पडलेले पाणी दोन दिवसांत खाडीला मिळते. जे जमिनीत मुरते ते जांभ्यातून. जांभा हा सच्छिद्र दगड. पाणी घेतो लवकर, पण धरून ठेवत नाही. पावसाळ्यानंतर डोंगराच्या पायथ्याशी झरे वाहतात, मार्च उजाडला की मंदावतात. त्यामुळे कोकणात निसर्गाने आपणहून दिलेली मोठी सरोवरे जवळजवळ नाहीतच. जी तळी आहेत ती माणसांनी बांध घालून केलेली.

एक अपवाद मात्र सांगायला हवा, लहान असला तरी. आपल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या त्या उघड्या जांभ्याच्या पठारांवर, पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचते. कातळशिल्पे पाहायला हल्ली बरेच लोक सड्यावर जातात. २०२२ मध्ये त्यांचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आले, तेव्हापासून तर अधिकच. शिल्पापाशी वाकलेला माणूस शेजारच्या डबक्याकडे पाहत नाही. त्या डबक्यात कोळंबीसारखे दिसणारे, जवळजवळ पारदर्शक आणि चक्क उताणे पोहणारे इवलेसे जीव सापडतात. पाणी आटले की ते मरतात, पण त्यांची अंडी तापलेल्या कातळावरच्या चिमूटभर मातीत आठ महिने तशीच पडून राहतात आणि पुढच्या जूनमध्ये फुटतात. सडा म्हणजे 'पडीक जमीन' असे सरकारी कागदावर लिहिलेले असते. ते लिहिणारा जुलैमध्ये वर गेला नसावा.

आता माणसांनी बांधलेल्या तळ्याकडे येऊ. माझ्या पाहण्यातले सर्वांत सुंदर तळे धामापूरचे. (आपल्या संगमेश्वर तालुक्यातही एक धामापूर आहे, ते नव्हे. हे मालवण तालुक्यातले.) १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते, त्यामुळे त्यावर आपलाही थोडा हक्क आहे असे मी मानतो. हे तळे १५३० मध्ये विजयनगरच्या राज्यकर्त्यांचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने बांधले, असे सांगितले जाते. दोन डोंगरांच्या मधली जागा मातीच्या बांधाने अडवलेली. काठावर भगवतीचे देऊळ, तीन बाजूंना दाट झाडी, खालच्या अंगाला माड-पोफळीच्या बागा. जवळजवळ पाचशे वर्षे तो मातीचा बांध पाणी धरून आहे. खालच्या बागांना पाणी जाते, आसपासच्या विहिरींना झिरप मिळते, आणि मालवण शहराच्या नळालाही इथलेच पाणी.

गावात एक कथा आहे. लग्नकार्य असले की गरीब घरातली माणसे परडीत फुले ठेवून ती तळ्यात सोडत. परडी बुडे आणि दागिने घेऊन वर येई. कार्य झाले की दागिने परत तळ्याला द्यायचे. पुढे कोणीतरी ते परत केले नाहीत आणि तळ्याने देणे थांबवले. आपण ही कथा श्रद्धा म्हणून नव्हे, पण गावाची आठवण म्हणून नीट ऐकावी असे मला वाटते. पाणी उसने घ्यायचे असते, हा हिशेब ज्यांनी कथेत घातला ते तळ्याचा वापर फार जवळून जाणणारे लोक होते.

२०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने धामापूर तळ्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत घेतले. त्याच वर्षी आंध्र प्रदेशातील कंबमचे तळे, पोरुमामिळ्ळचे तळे आणि कडपा-कर्नूल कालवा यांनाही तो मान मिळाला. पण अशी दखल आपोआप घेतली जात नाही. तळे किती जुने, बांध कसा, पाणी कोणाला मिळते, काठावर काय जगते, हे कोणीतरी लिहून काढावे लागते. धामापुरात 'स्यमंतक' ही संस्था तरुण मुलामुलींना हाताशी धरून असे शिकण्याचे आणि नोंदींचे काम करत आली आहे. शाळेच्या भिंतीबाहेरचे शिक्षण म्हणजे काय, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तिकडे जरूर जावे.

नोंदी कशाच्या करायच्या, हा पुढचा प्रश्न. आपल्या वाचकांत शास्त्र शिकलेले थोडे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली नोंद पाणी किती स्वच्छ आहे याची, आणि ती करण्याचे जगातले सर्वांत साधे साधन एका धर्मगुरूने दिले आहे. फादर अँजेलो सेक्की हे येशूसंघाचे इटालियन याजक आणि नामांकित खगोलशास्त्रज्ञ. रोममध्ये वेधशाळा चालवत, ताऱ्यांच्या प्रकाशावरून त्यांचे वर्ग पाडत. पोपच्या नौदलाचे प्रमुख अलेस्सांद्रो चाल्दी यांनी त्यांना समुद्राचे पाणी किती पारदर्शक आहे हे तपासायला बोलावले. एप्रिल १८६५ मध्ये फादर सेक्की जहाजावर गेले आणि त्यांनी पांढऱ्या तबकड्या दोरीने पाण्यात सोडल्या. तबकडी दिसेनाशी होते ती खोली, एवढेच मोजायचे. वर्षभर आकाशातला प्रकाश मोजणाऱ्या माणसाने थोडे दिवस पाण्यातला प्रकाश मोजला, आणि आज जगभरातील सरोवरांवर त्यांच्याच नावाची 'सेक्की तबकडी' वापरली जाते. तळ्यांसाठी ती साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची असते आणि तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवतात. घरातले जुने पत्र्याचे झाकण, थोडा तेलरंग, खाली वजनाला दगड, आणि दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारलेली दोरी, एवढ्यात ती तयार होते.

तबकडी मागच्या वर्षी दोन मीटरला दिसेनाशी होत होती आणि यंदा एका मीटरलाच होते, तर मधल्या काळात काही झाले आहे. कदाचित वरचा डोंगर तोडला गेला आणि माती वाहून आली. पाणी तांबूस दिसेल तर ते कारण. पण पाणी हिरवे दिसत असेल तर गोष्ट वेगळी.

ती वेगळी गोष्ट कॅनडातल्या एका तळ्याने जगाला दाखवली. ओंटारिओ प्रांतात १९६८ पासून काही लहान सरोवरे केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवली आहेत. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या २२६ क्रमांकाच्या सरोवराचे प्लास्टिकच्या पडद्याने दोन भाग केले. एका बाजूला कार्बन आणि नत्र टाकले. दुसऱ्या बाजूला तेच, आणि जोडीला फॉस्फरस. काही आठवड्यांत फॉस्फरसची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली, दुसरी जशीच्या तशी काळीभोर राहिली. विमानातून काढलेले ते छायाचित्र पाहिले की समजावून सांगायला शब्द लागत नाहीत. त्याआधी साबण कंपन्या म्हणत होत्या की दोष फॉस्फरसचा नाही. त्या छायाचित्रानंतर ते म्हणणे कठीण झाले.

फॉस्फरस आपल्या तळ्यात येतो तो कपडे धुण्याच्या पावडरीतून, शेतातल्या खतातून, शेणातून, संडासाच्या पाझरातून. थोडा असतो तोवर पाणी निभावून नेते. जास्त झाला की शेवाळ माजते. ते मरून तळाशी जाते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. उन्हाळ्यात तळ्यात उतरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की छातीपाशी पाणी कोमट आणि पायांपाशी गार लागते. हे दोन थर सहजी मिसळत नाहीत. वरच्या थराला हवा मिळते, खालच्याला नाही. मग एखाद्या सकाळी काठावर मेलेले मासे दिसतात आणि गावात कोणी विष घातले याची चर्चा सुरू होते. कधी कधी खरेच कोणी विष घातलेले असते, पण नेहमी नाही.

माशांचा विषय निघालाच आहे, तर इथे थोडे थांबतो, कारण आपल्या कामाशी याचा सर्वांत जवळचा संबंध आहे.

१८२० च्या दशकात कर्नल विल्यम साइक्स हे इंग्रज अधिकारी मुंबई सरकारच्या वतीने दख्खनची माहिती गोळा करत होते. त्यांनी भीमेच्या खोऱ्यातले मासेही जमवले आणि १८३९ मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. लॅटिन नावे देताना त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार आवडते. नावे त्यांनी मासे धरणाऱ्यांच्या तोंडून घेतली. म्हणून आज जगातल्या कुठल्याही ग्रंथालयात उघडून पाहा, महासीरची एक जात 'टॉर खुद्री', शिंगटी मासा 'मिस्टस शिंगटी', मळ्या हा 'गारा मुल्या'. ज्या मासेमाऱ्यांनी ती नावे सांगितली त्यांची स्वतःची नावे कुठेही नाहीत. पण त्यांचे मराठी शब्द जवळजवळ दोनशे वर्षे शास्त्राच्या पुस्तकात बसले आहेत.

कातकरी घरातले दहा वर्षांचे पोर आजही अशी पंधरा-वीस नावे सहज सांगते. कुठला मासा दगडाखाली असतो, कुठला चिखलात, कुठला रात्री बाहेर पडतो, कुठल्या खेकड्याला हात घालू नये. शाळेत त्याला नापासाचा शिक्का बसतो, कारण परीक्षेत हे विचारत नाहीत. आपल्या वसतिगृहांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की एकदा त्याला फळ्यापाशी उभे करावे आणि आपण बाकावर बसावे.

त्याला विचारण्यासारखा एक खास विषय आहे: चढणीचे मासे. रायगडच्या बाजूला यालाच वलगण म्हणतात. पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले, ओढे वाहू लागले की नदीतले आणि तळ्यातले मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, भातखाचरांत आणि उथळ पाण्यात अंडी घालायला. त्या रात्री वाड्यांवर कोणी झोपत नाही. कंदील, विजेऱ्या, जाळी, बांबूचे सापळे. मार्च-एप्रिलच्या उपाशी दिवसांनंतर घरात ताजे जेवण येते, उरलेले सुकवून ठेवतात. भूमिहीन कुटुंबासाठी हा सण नाही, अन्न आहे. हे विसरून 'मासेमारी बंद करा' असा उपदेश करणाऱ्याला वाडीवर कोणी उभे करणार नाही, आणि ते योग्यच.

पण अडचणही खरी आहे. चढणीच्या माशांची पोटे गाबोळीने भरलेली असतात. पूर्वी ओढे पुष्कळ होते आणि धरणारे थोडे, साधनेही साधी. आता ओढ्यावर बंधारे झाले, मासा वर चढूच शकत नाही. जिथे चढतो तिथे सगळे गाव जमते. त्यात काही जण ब्लिचिंग पावडर टाकतात, काही विजेचा झटका देतात. त्याने खाण्याजोगा मासा मरतोच, पण त्याच्या शंभर पट पिल्ले, किडे, बेडूक, खेकडे मरतात आणि त्यावर पुढे काहीच वाढत नाही. पूर्वी गेळफळासारखी रानफळे ठेचून पाण्यात टाकत, तेही विषच, पण डबक्यापुरते. ब्लिचिंगचे पाणी खालच्या वाडीच्या हंड्यात जाते. वाड्यांवरच्या जाणत्यांशी बोलताना मला आढळले की यावर त्यांचे मत आपल्यापेक्षा कडक आहे. त्यांच्याच पुढाकाराने एखादा ओढा पहिल्या चार दिवसांसाठी मोकळा सोडण्याचे ठरले, तर तो ठराव टिकेल. बाहेरून आलेला टिकणार नाही.

इथे आपल्यासारख्या चांगले करू पाहणाऱ्यांसाठीही एक इशारा आहे. तळ्यात मासे कमी झाले, तर पटकन सुचणारा उपाय म्हणजे बाहेरून बीज आणून सोडणे. लोणावळ्याच्या तळ्याकाठी टाटांच्या वीज कंपनीने महासीरची पैदास सुरू केली. काम मोठे आणि कौतुकाचे. तिथली पिल्ले देशात ठिकठिकाणी सोडली गेली, कावेरीतही. पण कावेरीत तिचा स्वतःचा वेगळा महासीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातला एक फार मोठा महासीर. आलेला मासा तिथे फोफावला आणि मूळचा मागे पडत गेला. त्या मुळच्या माशाचे शास्त्रीय नाव निश्चित झाले ते २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. मासे सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. आधी काय आहे हे कोणी मोजले नव्हते, एवढेच.

आपल्या तळ्यांतला तिलापिया असाच १९५२ मध्ये देशात आला. गालीलच्या काठावर प्रवाशांना 'पेत्राचा मासा' म्हणून तळून वाढतात तो याचाच भाऊबंद. तिथे तो घरचा आहे, इथे पाहुणा. मादी अंडी तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे पिल्ले फार जगतात आणि बाकीच्यांना जागा उरत नाही. डास मारण्यासाठी म्हणून १९२८ मध्ये आणलेला गॅम्बुसिया आणि हौदातला गप्पी हे सडे आणि तळी यांत सोडू नयेत, हेही सांगून ठेवतो. ते डासांच्या अळ्यांबरोबर बेडकांची पिल्ले आणि माशांची अंडीही खातात. टाकीत ठेवा, तळ्यात नको.

मोजल्याने आणि नाव दिल्याने काय होते, याचे उदाहरण मात्र आपल्या बाजूलाच घडले आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, महादेवाच्या देवळाजवळच्या कुंडात. त्या कुंडात बोटाएवढा एक मासा होता. गावकरी तो रोज पाहत असत, पण शास्त्राला तो ठाऊक नव्हता. २०२० मध्ये तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले आणि त्याला नाव मिळाले 'शिस्टुरा हिरण्यकेशी'. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, राज्य सरकारने ते सव्वादोन हेक्टरांहूनही लहान क्षेत्र जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर केले. ज्या माशाला आदल्या वर्षापर्यंत नाव नव्हते त्याच्यासाठी सरकारी आदेश निघाला.

गावतळ्यांना हे संरक्षण सहज मिळत नाही, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. देशात पाणथळ जागांसाठी २०१७ चे नियम आहेत. त्यात पाणथळ जागेची व्याख्या करताना पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी खास बांधलेली तळी वगळली आहेत. आता वर सांगितले ते आठवा: कोकणात जवळजवळ सगळी तळी बांधलेलीच आहेत. म्हणजे बागांना पाणी देण्यासाठी पाच शतकांपूर्वी बांधले, हीच गोष्ट जगाच्या यादीत वारसा ठरते आणि आपल्या नियमांत वगळण्याचे कारण ठरू शकते. मी वकील नाही. पण अशा वेळी गावाने कोणत्या कागदाकडे पाहावे एवढे मला विचारपूस करून समजले आहे.

तो कागद म्हणजे लोकजैवविविधता नोंदवही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि गावातली झाडे, मासे, पक्षी, औषधी, पिकांचे वाण यांची नोंद तिने ठेवायची आहे. ती लोकांशी बोलून लिहायची असते. बऱ्याच ठिकाणी ही वही कोणा बाहेरच्याने घाईने भरून दिलेली असते आणि पंचायतीच्या कपाटात पडून असते. ग्रामसेवकांकडे मागून पाहा. त्यात तुमच्या तळ्यातले किती मासे आहेत? वाडीवरच्या कोणाला विचारले होते का? माझ्या पाहण्यातल्या एका वहीत 'मासे' या सदराखाली सुरमई आणि पापलेट लिहिले होते. गाव डोंगरात, समुद्र चाळीस किलोमीटरवर.

म्हणून या पावसाळ्यापासून आपल्या वसतिगृहांनी आणि जिथे तरुण संघ हौशी असतील त्या मंडळ्यांनी एकेका जवळच्या तळ्याची वही सुरू करावी, असे सुचवतो. एका तळ्याला एक वही. पहिल्या पानावर तळ्याचे नाव, गाव, कोणी बांधले असे जुनी माणसे सांगतात ते. त्यानंतर महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या जागी: पाण्याची पातळी बांधावरच्या खुणेपासून किती हात, तबकडी किती गाठींवर दिसेनाशी झाली, पाण्याचा रंग, वास, काठावर कचरा कशाचा. मासे आणि पक्षी वाडीच्या नावांनीच लिहावेत. शास्त्रीय नावे मागाहून जोडता येतात. ओळख पटली नाही तर फोटो घेऊन रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथल्या प्राध्यापकांना विचारावे. पहिला मासा कुठल्या ओढ्यात कुठल्या तारखेला चढला, ही नोंद तर एकट्या कातकरी मुलांनीच करावी. वर्षाअखेर वहीची प्रत पंचायतीच्या समितीला द्यावी आणि पोच घ्यावी.

जे वाचायला-लिहायला शिकलेले नाहीत त्यांच्यापर्यंत हे कसे न्यायचे, असे कोणी विचारील. धामापूरहून फार दूर नाही अशा पिंगुळी गावात ठाकर आदिवासींची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुलीच्या तोंडून सांगितलेली तळ्याची गोष्ट आमच्या भाषणापेक्षा लांब जाईल, याविषयी मला शंका नाही. पुढच्या शिबिराला भाषणे दोनने कमी करून हा खेळ ठेवावा.

शेवटी तबकडीविषयी, कारण चुका इथेच होतात. दुपारी दहा ते दोनच्या दरम्यान मोजावे, ऊन असताना, आणि तळ्याच्या सावलीच्या अंगाला वाकून, म्हणजे पाण्यावरची चकाकी डोळ्यांत येत नाही. तबकडी दिसेनाशी झाली ती गाठ लिहा, मग आणखी थोडी खाली सोडून हळूहळू वर ओढा, पुन्हा दिसली ती गाठ लिहा, दोन्हींची सरासरी घ्या. शक्यतो दर वेळी त्याच मुलाने पाहावे. डोळे बदलले की आकडा बदलतो. बांधावरून पाणी खोल नसेल तर होडी लागेल. होडीत पोहता येणारा एक मोठा माणूस असल्याशिवाय मुलांना उतरवू नका, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सांडव्यावरून वाहत असेल तर तो महिना वहीत कोरा सोडा. का कोरा सोडला, तेवढे लिहा.